दुसऱ्या संस्थेला आपल्या बकेटची किल्ली: द्यायची कशी आणि काढून घ्यायची कशी?

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमची संस्था छोटी. मोजणीयंत्रांचा डेटा ॲमेझॉनच्या एस-थ्रीवर एका बकेटमध्ये (म्हणजे फाइली ठेवायच्या तिथल्या कपाटात) साठवतो. बाहेरच्या तीन संस्थांचा त्याच्याशी संबंध येतो. पहिली रोज रात्री नव्या फाइली टाकते. दुसरी त्या वाचून विश्लेषण करते. तिसरी तपासनीस आहे. ती तीन महिन्यांसाठी येणार, एकाच फोल्डरमधलं बघणार आणि जाणार.

सध्याची व्यवस्था सांगायलाही लाज वाटते. एक आयएएम युजर (आमच्या खात्यात काढलेली एक ओळख), त्याची एक ॲक्सेस की (प्रोग्रामनं आत यायची गुप्त किल्ली), आणि तीच की तिघांनाही ईमेलनं पाठवलेली. ज्यानं पाठवली तो सहकारी केव्हाच नोकरी सोडून गेला. की चार वर्षं जुनी आहे. साहेब म्हणतात, "तिघांना तीन वेगळे युजर काढून द्या आणि विषय मिटवा."

प्रश्न असा की बाहेरच्याला आपल्या खात्यात युजर काढून द्यावा, का त्याच्या खात्यालाच आपल्या बकेटमध्ये येऊ द्यावं? फरक नक्की कुठे पडतो? त्यात आणखी एक त्रांगडं म्हणजे तिसऱ्या संस्थेकडे एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) नाहीच, त्यांचं सगळं मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युरवर आहे.

टिंब

वाचतोय.

रात्रपाळी

चार वर्षं, एक की, तीन संस्था. वाचूनच झोप उडाली, आणि माझी तर रात्रपाळी आहे.

एक विनंती. नवी व्यवस्था लागेल तेव्हा जुनी की लगेच डिलीट करू नका. आधी इनॅक्टिव्ह करा आणि बघा कोण ओरडतं. इनॅक्टिव्ह केलेली एका क्लिकसरशी परत चालू होते, डिलीट केलेली कायमची गेली.

कडीकोयंडा

साहेबांचं ऐकू नका. तीन युजर म्हणजे तीन कायमच्या किल्ल्या. (मी 'किल्ली'च लिहिणार आहे. 'की' लिहिलं की कुठली की ते कळत नाही.) ए-के-आय-ए या अक्षरांनी सुरू होणारी किल्ली तुम्ही बंद करेपर्यंत चालते. ती त्यांच्या कुणाच्या लॅपटॉपवर, कुठल्या स्क्रिप्टमध्ये, कुठल्या चॅटमध्ये पडली आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यांचा माणूस नोकरी सोडून गेला तरी तुम्हाला सांगायला कोण येतंय?

मार्ग दोन आहेत.

पहिला बकेट पॉलिसीचा, म्हणजे बकेटमध्ये कुणाला काय करता येईल त्या लेखी नियमांचा. तुमच्या बकेटच्या पॉलिसीत त्यांच्या खात्यातल्या रोलचं नाव लिहायचं. ते स्वतःच्या ओळखीनं येतात. यात लोक हमखास अडकतात ते इथे: एकाच खात्यात असाल तर दोघांपैकी एकाची परवानगी पुरते, पण खाती वेगळी असली की दोन्ही बाजूंनी हो म्हणावं लागतं. तुमच्या बकेट पॉलिसीनं होकार द्यायचा आणि त्यांच्या ॲडमिननं त्यांच्या रोलला तुमच्या बकेटपर्यंत जायची परवानगी द्यायची. एकानं जरी विसरलं तर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. मग दोन्हीकडचे ॲडमिन "आमच्याकडून सगळं बरोबर आहे" अशी मेलामेली करत बसतात.

दुसरा मार्ग म्हणजे तुमच्या खात्यातच एक रोल काढायचा आणि तो धारण करायची मुभा त्यांच्या खात्याला द्यायची. ते एसटीएस या एडब्ल्यूएसच्या सेवेकडून तात्पुरती ओळख घेतात. ती सहसा एक तास चालते. रोलच्या सेटिंगमध्ये ही मुदत जास्तीत जास्त १२ तासांपर्यंत नेता येते. मात्र ते आधीच एका रोलमध्ये असतील आणि तिथून तुमच्या रोलमध्ये उडी मारत असतील, तर एका तासाच्या वर काही मिळत नाही. रात्रीचं अपलोड सव्वा तास चालत असेल तर हे आधीच लक्षात घ्या, म्हणजे मध्यरात्री रात्रपाळीताईंना उठवावं लागणार नाही.

दुसऱ्या मार्गात सगळ्या परवानग्या तुमच्या हातात राहतात, म्हणून मला तो आवडतो. पण त्यांना तुमच्या बकेटमधून थेट स्वतःच्या बकेटमध्ये कॉपी करायची असेल तर पहिला मार्ग सोयीचा. कॉपी करणाऱ्या एकाच ओळखीला इकडचं वाचता आणि तिकडचं लिहिता आलं पाहिजे.

रात्रपाळी

मी उठलेलीच असते हो.

नवखा

मूलभूत प्रश्न विचारतो, हसू नका. रोल आणि युजर यांत फरक काय? दोन्हींना परवानग्याच तर लावतो आपण.

कडीकोयंडा

हसत नाही. हा प्रश्न न विचारताच दहा वर्षं नोकरी केलेले लोक मला माहीत आहेत.

युजरकडे स्वतःचा पासवर्ड किंवा किल्ली असते. रोलकडे स्वतःचं काहीच नसतं. तो नाटकातल्या पात्रासारखा आहे. पात्राला काय करता येतं ते संहितेत लिहिलेलं, आणि ते कोणी वठवायचं याची यादी वेगळी. त्या यादीला ट्रस्ट पॉलिसी म्हणतात. आज एक नट, उद्या दुसरा. नट गेला तरी पात्र राहतं आणि त्याच्या खिशात किल्ली उरत नाही.

बिनधास्त बादली

म्हणजे धागाकर्त्याच्या संस्थेत चार वर्षं एकच नट तीन नाटकांत काम करतोय, आणि दिग्दर्शक नाटक कंपनी सोडून गेलाय.

सरळमार्गी

मला हे सगळं अति वाटतं. तपासनीस संस्था तीन महिने येणार, एक फोल्डर बघणार. तिच्यासाठी रोल, ट्रस्ट पॉलिसी, दोन्हीकडच्या ॲडमिनच्या बैठका? प्रीसाइन्ड यूआरएल (आपल्या सहीची, ठरावीक मुदतीची लिंक) काढा, पाठवा, संपलं. समोरच्याकडे एडब्ल्यूएस खातं असायचीही गरज नाही. ब्राउझरमध्ये चिकटवलं की फाइल उतरली.

आपल्याकडे एक खोड आहे. दारावर साधी कडी पुरत असेल तिथेही आपण तिजोरी बसवतो.

कडीकोयंडा

@सरळमार्गी, दहा-वीस फाइली असतील तर अगदी मान्य. पण तीन गोष्टी बघा. एक, ती यूआरएल एकेका फाइलची असते, फोल्डरची नाही. दोन, जास्तीत जास्त सात दिवस चालते. आणि ती तात्पुरत्या ओळखीनं सही केलेली असेल तर ती ओळख संपली की यूआरएलही मेली, सात दिवस लिहिलेले असोत नाहीतर सत्तर. "सकाळी लिंक चालत होती, दुपारी चालत नाही" या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. तीन, लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत. कोण आलं हे लॉगमध्ये दिसत नाही. दिसतो तो सही करणारा, म्हणजे तुम्हीच.

सरळमार्गी

तिसऱ्या मुद्द्याशी सहमत. पहिल्या दोन मुद्द्यांवर उपाय आहे: एक छोटं पान बनवा, तपासनीसानं तिथे लॉगिन करायचं, फाइलवर टिचकी मारली की पाच मिनिटांची ताजी यूआरएल निघेल. आम्ही असं चालवतो. आणि 'तिजोरी' हा शब्द मागे घेत नाही.

जुनं खोड

बकेट किती जुनी आहे ते धागाकर्त्यानं सांगितलेलं नाही. फार महत्त्वाचं आहे ते.

आमच्याकडची गोष्ट सांगतो. बाहेरची एक संस्था आमच्या बकेटमध्ये फाइली टाकत असे. यादीत फाइल दिसायची, आकार दिसायचा, तारीख दिसायची. उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड. आमची बकेट, आमचं खातं, मी ॲडमिन, आणि मलाच नकार! बिल मात्र आमच्याच नावावर. दीड दिवस मी पॉलिसी खालवर केली. शेवटी उमगलं की फाइल जो टाकतो, मालक तो. बकेट आमची असली तरी आतली वस्तू त्यांच्या खात्याची. टाकताना त्यांनी 'बकेट ओनर फुल कंट्रोल' ही एसीएल (फाइलीवरची परवानग्यांची यादी) लावायला हवी होती, ती लावली नव्हती. ज्या फाइली आधीच आल्या होत्या त्या सगळ्यांवर त्यांनाच परत फिरून ती लावावी लागली. कित्येक हजार होत्या.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एसीएल पुरत्या बंद करायची सोय आली. ऑब्जेक्ट ओनरशिपमध्ये 'बकेट ओनर एन्फोर्स्ड' निवडायचं, मग आत येईल ते बकेटमालकाचं. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटला हे आपोआप लागतं, सार्वजनिक प्रवेशही आपोआप बंद असतो. पण जुन्या बकेटी जशा होत्या तशाच राहिल्या. तुमची किल्ली चार वर्षांची म्हणजे बकेट त्याहून जुनी असणार. आधी ते सेटिंग उघडून बघा.

बिनधास्त बादली

घर आपलं, कपाट आपलं, घरपट्टी आपली, आणि कुलूप पाहुण्याचं. हा धागा मी वाचनखुणेत साठवतोय.

उंबरठा

@जुनं खोड, काका, आत्ताच बघितलं. 'ऑब्जेक्ट रायटर' असं लिहिलंय! पण सगळे एकाच किल्लीनं, म्हणजे आमच्याच युजरनं फाइली टाकत होते, म्हणून मालकी आमच्याकडेच राहिली. म्हणजे आमच्या गलथानपणानंच आम्हाला वाचवलं म्हणायचं. त्यांना त्यांच्या रोलनं यायला लावायच्या आधी सेटिंग बदलून घेतो.

जुनं खोड

वा. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात तो हाच असावा.

बदलण्याआधी एक बघा. कुणाची स्क्रिप्ट फाइल टाकताना भलतीच एसीएल पाठवत असेल तर सेटिंग बदलल्यावर तिचं अपलोड नाकारलं जाईल. बकेट ओनर फुल कंट्रोल पाठवत असेल तर चालतं.

निळी शाई

अ‍ॅझ्युरवाली मंडळी इथे अल्पसंख्य दिसताहेत, म्हणून लिहिते.

आमच्याकडे सरळमार्गींच्या लिंकेचा भाऊ आहे, सॅस टोकन. ते स्टोरेज खात्याच्या किल्लीनं सही करून दिलेलं असेल तर एकट्या त्या टोकनाला रद्द करता येत नाही. खात्याची किल्लीच फिरवावी लागते, आणि मग त्या किल्लीवर चालणारी इतर सगळी टोकनंही जातात. एका चोरापायी अख्खी चाळ रिकामी. हे टाळायचं तर कंटेनरवर (आमची बकेटच म्हणा) स्टोअर्ड ॲक्सेस पॉलिसी ठेवून टोकन तिच्याशी बांधायचं, मग पॉलिसी काढली की टोकन निकामी. पण अशा पॉलिसी एका कंटेनरला पाचच. सहावी संस्था आली की डोकं खाजवत बसा. बरं पडतं ते युजर डेलिगेशन सॅस, म्हणजे लॉगिन केलेल्या ओळखीनं सही केलेलं. त्याचं आयुष्य सात दिवसांपलीकडे जात नाही.

मुदतीचा विषय निघालाच आहे तर सप्टेंबर २०२३ मधला प्रकार आठवा. मायक्रोसॉफ्टच्याच एआय संशोधकांनी गिटहबवर मॉडेल वाटण्यासाठी सॅस लिंक टाकली होती. ती एका कंटेनरपुरती नव्हती, अख्ख्या स्टोरेज खात्याची होती. ३८ टेराबाइट डेटा उघडा पडला होता, त्यात कर्मचाऱ्यांच्या संगणकांचे बॅकअपही होते. विझ या सुरक्षा कंपनीनं तो शोधून काढला. टोकनाची मुदत कधीची होती? २०५१.

टिंब

२०५१ पर्यंत मी निवृत्त.

निळी शाई

टोकन अजून नोकरीत असतं.

ढगाआड

गुगल क्लाउडवर समोरच्या संस्थेचा सर्व्हिस अकाउंट (प्रोग्रामसाठीचं खातं) किंवा ग्रुप थेट आपल्या बकेटवर लिहिता येतो, वेगळा रोल धारण करायची भानगड नाही. ग्रुप दिला तर सोय अशी की त्यांची माणसं बदलली तरी आपल्याला हात लावावा लागत नाही. धोकाही तोच. त्या ग्रुपमध्ये उद्या कोण येणार हे ते ठरवणार.

आणि 'ऑल ऑथेंटिकेटेड युजर्स' या शब्दांना फसू नका. ऐकायला वाटतं आपल्या संस्थेतले लॉगिन केलेले लोक. अर्थ आहे जगातला कुठलाही गुगल खातेधारक. एस-थ्रीच्या जुन्या एसीएलमध्येही असाच 'ऑथेंटिकेटेड युजर्स' गट होता, म्हणजे जगातलं कुठलंही एडब्ल्यूएस खातं.

बिनधास्त बादली

अवांतर: बकेट पॉलिसीला मराठीत 'बादलीधोरण' म्हणावं असा ठराव मी मांडतो.

जुनं खोड

अनुमोदन. रोलला 'भूमिका', ट्रस्ट पॉलिसीला 'विश्वासधोरण', आणि ॲक्सेस डिनाइडला 'चालते व्हा'.

नवखा

फायरवॉल?

जुनं खोड

तिला तटबंदी म्हणायचो. मग तिच्यातली भोकं मोजली आणि 'जाळी' म्हणायला लागलो.

रात्रपाळी

मंडळी, धाग्याची वाट लागायच्या आत एक कामाचं सांगते. ४०३ आला की लोक पॉलिसीच चाळत बसतात. या तीन ठिकाणीही बघा.

यादी बघायची परवानगी, म्हणजे लिस्ट-बकेट, बकेटच्या नावावर लावायची असते. फाइल वाचायची, म्हणजे गेट-ऑब्जेक्ट, ती बकेटच्या नावापुढे तिरकी रेघ आणि फुली मारून. रोलच्या पॉलिसीत दोन्ही एकाच ओळीवर लावल्या की त्यातली एक मुकाट्यानं निकामी. आणि यादीची परवानगी नसताना अस्तित्वातच नसलेली फाइल मागितली तरी ४०४ (फाइल सापडली नाही) येत नाही, ४०३ येतो. फाइल आहे का नाही हेही तुम्हाला कळू द्यायचं नाही, असा त्यामागचा विचार. मी एकदा पूर्ण रात्र परवानगीच्या मागे घालवली, आणि चूक निघाली फाइलच्या नावातल्या एका आडव्या रेघेची.

तिसरं, एन्क्रिप्शन. बकेट केएमएसच्या (एडब्ल्यूएसच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेच्या) किल्लीनं बंद असेल तर नुसत्या बकेटच्या परवानगीनं भागत नाही, त्या किल्लीची परवानगीही लागते. वाचायला डिक्रिप्ट, टाकायला जनरेट-डेटा-की. आणि ती किल्ली एडब्ल्यूएसनं आपोआप काढलेली असेल तर दुसऱ्या खात्याला देताच येत नाही, तिची पॉलिसी बदलता येत नाही. आपली स्वतःची कस्टमर मॅनेज्ड किल्ली काढायची आणि जुन्या फाइली तिच्याखाली पुन्हा लिहून घ्यायच्या. हे काम नेमकं शुक्रवारी संध्याकाळी लक्षात येतं.

उंबरठा

@रात्रपाळी, आमच्याकडे साधं एसएसई-एस-थ्री (एस-थ्रीचं स्वतःचं एन्क्रिप्शन, केएमएसशिवाय) आहे. म्हणजे वाचलो का?

रात्रपाळी

या बाबतीत वाचलात.

कडीकोयंडा

दुसरी संस्था, विश्लेषणवाली, ती स्वतः सॉफ्टवेअर सेवा विकते का? म्हणजे तिचे तुमच्यासारखे आणखी ग्राहक आहेत का? असतील तर एक्स्टर्नल आयडी विसरू नका, म्हणजे रोलमध्ये शिरताना त्यांनी दाखवायचा आणि तुमच्या ट्रस्ट पॉलिसीनं ताडून बघायचा खुणेचा शब्द.

उंबरठा

हो, त्यांचे बरेच ग्राहक आहेत. त्यांच्या फॉर्ममध्ये एक्स्टर्नल आयडीचा रकाना होता, "तुम्हाला हवा तो शब्द टाका" असं लिहिलेलं. मी आमच्या संस्थेचं नाव टाकलं.

कडीकोयंडा

इथेच घात होतो. त्यांचं खातं एकच आहे, ते शंभर ग्राहकांच्या रोलमध्ये शिरतं. समजा त्यांच्या दुसऱ्या एका ग्राहकानं फॉर्ममध्ये स्वतःच्या रोलऐवजी तुमच्या रोलचा पत्ता टाकला. पत्ता काही गुप्त नसतो, खाते क्रमांक आणि रोलचं नाव कळलं की झालं. त्यांची यंत्रणा इमानेइतबारे तुमच्या रोलमध्ये शिरते, तुमचा डेटा उचलते आणि त्या भामट्याच्या पडद्यावर मांडते. तुमच्या दारावरचा पहारेकरी बघतो तर माणूस ओळखीचाच आहे, सोडतो आत. त्याला कोणी पाठवलंय हे तो विचारतच नाही.

याला कन्फ्यूज्ड डेप्युटी म्हणतात, गोंधळलेला मुनीम म्हणा हवं तर. नाव नॉर्म हार्डी यांच्या १९८८ च्या लेखातलं. तिथे मुनीम होता एक कंपायलर. त्याला बिलाच्या फाइलच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी होती. कुणीतरी डीबगचं आउटपुट कुठे ठेवू या प्रश्नाला बिलाच्याच फाइलचं नाव दिलं, आणि कंपायलरनं बिलाची माहिती पुसून तिथे आउटपुट लिहिलं. लिहायची परवानगी होती ना त्याला!

म्हणून एक्स्टर्नल आयडी सेवा देणाऱ्यानं तयार करायचा असतो, प्रत्येक ग्राहकाला वेगळा. ग्राहकानं स्वतः निवडायचा नसतो. तो पासवर्डसारखा गुप्त असायची गरज नाही, पण दुसऱ्या ग्राहकाला फॉर्ममध्ये तो टाकता येता कामा नये. "हवा तो शब्द टाका" म्हणजे भामटाही तुमच्या संस्थेचं नाव टाकणार. त्यांना कळवा.

सरळमार्गी

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. बरोबर आहे, इथे तिजोरीच हवी.

बिनधास्त बादली

शेवटी मागे घेतलीच तिजोरी.

सरळमार्गी

ती दुसरी तिजोरी होती.

फायलीखालची

मी तांत्रिक नाही. संस्थांमधले करार बघते. वरचं निम्मं कळलं, निम्मं नाही. पण मूळ शीर्षकात 'काढून घ्यायची कशी' असंही आहे आणि त्यावर इतक्या प्रतिसादांत फारसं कुणी बोललेलं नाही.

माझ्या अनुभवात देताना चार सह्या लागतात, काढताना एकही नाही. एका ठिकाणी करार संपून चौदा महिने झाले तरी समोरची संस्था डेटा वाचत होती. कुणाचा वाईट हेतू नव्हता. त्यांची स्क्रिप्ट चालू राहिली, कारण ती बंद करायला त्यांनाही कुणी सांगितलं नाही. करारात ओळ होती, 'करार संपुष्टात आल्यावर प्रवेश बंद करण्यात येईल.' करण्यात येईल! कोण करणार? कर्मणी प्रयोगानं किती जबाबदाऱ्या गिळल्यात याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आता मी माणसाचं पद लिहून घेते आणि दोन तारखा. एक करार संपायची, दुसरी त्याच्या पंधरा दिवस आधीची. आणि समोरच्या संस्थेकडून एक माणूस, जो त्यांच्याकडचे बदल आपल्याला कळवेल. या तांत्रिक मंडळींना एकच विचारते: तारीख त्या यंत्रणेतच घालता येते का?

कडीकोयंडा

येते, ताई. पॉलिसीच्या अटीत 'अमुक तारखेच्या आधी' असं लिहिता येतं, ती उलटली की परवानगी आपोआप लागू होत नाही. तपासनिसाला तीन महिन्यांची तारीख घालूनच द्यावं. आणि आपण कुणाकुणाला काय देऊन बसलोय याची यादी हवी असेल तर ॲक्सेस अ‍ॅनलायझर चालू करा. आपल्या खात्याबाहेर किंवा संघटनेबाहेर काय काय उघडं आहे ते तो दाखवतो. पहिल्यांदा चालू करताना बसून घ्या.

खरं सांगायचं तर तुमचा प्रतिसाद माझ्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा आधी यायला हवा होता.

निळी शाई

+१. अ‍ॅझ्युरमध्ये पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाचं लॉगिन त्याच्या मूळ संस्थेकडे होतं. तिथलं खातं बंद झालं की त्याला आपल्याकडेही शिरता येत नाही. निम्मं काम ते करतात. उरलेलं निम्मं, म्हणजे पाहुण्याचं नाव आपल्या यादीतून काढणं, कुणीच करत नाही. दोन-चार वर्षांत ती यादी बघावी, निम्मी माणसं ओळखूसुद्धा येत नाहीत.

ढगाआड

आणि ज्या लहान संस्था नुसत्या ड्राइव्हवर काम करतात त्यांनी निदान शेअर्ड ड्राइव्ह वापरावा. नाहीतर फाइल एका माणसाच्या नावावर असते. तो संस्था सोडतो, त्याचं खातं डिलीट होतं, आणि त्याच्याबरोबर दोन्ही संस्थांची सहा महिन्यांची मेहनत जाते.

उंबरठा

तीन आठवड्यांनी परत आलो. झालेलं सांगतो.

तपासनीस: त्यांच्यासाठी सरळमार्गींचा उपाय केला. छोटं पान, लॉगिन, पाच मिनिटांची लिंक. शेवटची तारीख घातली आहे. तिजोरी बसवली नाही.

विश्लेषणवाले: एक्स्टर्नल आयडीबद्दल कळवलं. चार दिवस गप्प होते, मग त्यांनी स्वतः तयार केलेला लांबलचक आयडी पाठवला. बाकीच्या ग्राहकांचं काय केलं ते विचारलं नाही.

रात्री फाइली टाकणारे: इथे दोन दिवस गेले. बकेट पॉलिसीत त्यांचा रोल लिहिला, सगळं सुरळीत चाललं. चार दिवसांनी अचानक ४०३. आमच्याकडे काही बदल नाही, ते म्हणाले आमच्याकडेही नाही. रात्रपाळीताईंची सगळी ठिकाणं तपासली. शेवटी पॉलिसी पुन्हा उघडली तर मी जिथे त्यांच्या रोलचा पत्ता लिहिला होता तिथे ए-आर-ओ-ए पासून सुरू होणारी अगम्य अक्षरं. मी तर असं काही लिहिलंच नव्हतं!

कडीकोयंडा

त्यांनी रोल डिलीट करून त्याच नावानं परत काढला.

उंबरठा

अगदी तेच. "पण नाव तेच ठेवलंय" असं म्हणाले. पॉलिसी सेव्ह करताना आत नावाऐवजी त्या रोलचा स्वतःचा ओळखक्रमांक जातो, आणि नवा रोल म्हणजे नवा क्रमांक, हे त्या दिवशी शिकलो. पॉलिसीत पत्ता पुन्हा लिहून सेव्ह केली, चालू झालं.

कडीकोयंडा

हे वारंवार होणार असेल तर प्रिन्सिपलमध्ये (परवानगी कुणाला, त्या रकान्यात) त्यांचं अख्खं खातं लिहा आणि अटीत रोलचा पत्ता घाला. अट नुसता मजकूर ताडून बघते, त्यामुळे रोल पुन्हा काढला तरी चालतं. पण मग त्या नावाचा रोल उद्या तिकडे कुणीही काढला तरी तो आत येणार. ओळखक्रमांकाची कटकट म्हणतो ती सुरक्षासुद्धा आहे. तुम्ही ठरवा.

उंबरठा

आहे तेच ठेवतो. दर वेळी फोन येईल, पण निदान कळेल तरी.

आता जुन्या किल्लीबद्दल. ती शेवटची कधी वापरली ते बघितलं होतं, रोज रात्रीची नोंद दिसायची. म्हटलं, रात्रीचेच वापरतात. ते नव्या व्यवस्थेवर आले, मी किल्ली इनॅक्टिव्ह केली. नऊ दिवस कुणीच ओरडलं नाही. आज एक तारीख. सकाळी साहेबांचा निरोप, मासिक बॅकअप झालेला नाही.

सोडून गेलेल्या सहकाऱ्यानं आमचा स्वतःचा बॅकअपही त्याच किल्लीवर ठेवला होता. 'शेवटचा वापर' या रकान्यात फक्त सगळ्यात ताजी नोंद राहते. रात्रीच्या अपलोडनं दर महिन्याच्या एक तारखेची नोंद दुसऱ्या दिवशी झाकून टाकायची. चार वर्षं. फाइलनिहाय लॉग आम्ही चालूच केले नव्हते, ते आपोआप चालू नसतात. किल्ली तात्पुरती परत चालू केली, बॅकअप घेतला, त्याला रोल काढून दिला, किल्ली परत इनॅक्टिव्ह केली. साहेब विचारतायत, आता तरी डिलीट करू का?

रात्रपाळी

महिन्याची स्क्रिप्ट सापडली. तिमाहीची आणि वर्षाची अजून यायच्या आहेत. हात लावू नका.